दिलेला शब्द आणि पाठवलेला माणूस

भाषाविज्ञानाच्या तासाला आपण फळ्यावर 'लांग' आणि 'पारोल' ही दोन पदे लिहितो. पहिले म्हणजे सर्वांना बांधून ठेवणारी भाषेची व्यवस्था. दुसरे म्हणजे त्या व्यवस्थेत राहून एका माणसाने प्रत्यक्ष केलेले उच्चारण. सोस्यूरचे हे 'पारोल' आणि वर्तमानपत्रातील बातमीत कैद्याला मिळणारा 'पॅरोल' हे दोन्ही एकच फ्रेंच शब्द आहेत, हे मात्र आपण विद्यार्थ्यांना सहसा सांगत नाही. युद्धात पकडला गेलेला सैनिक 'मी पळून जाणार नाही, पुन्हा तुमच्यावर शस्त्र उचलणार नाही' असे वचन देई आणि त्या वचनाच्या भरवशावर त्याला मोकळे सोडले जाई. तुरुंगाचा दरवाजा उघडत असे तो माणसाच्या शब्दाने. महाराष्ट्राच्या तुरुंग प्रशासनात पॅरोलला 'अभिवचन रजा' म्हणतात. सरकारी मराठीची आपण एरवी यथेच्छ टिंगल करतो. पण येथे कुणा अनामिक भाषांतरकाराने शब्दाचे मूळ नेमके ओळखले होते, हे मान्य करायला हवे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ही रजा नव्हे. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा काही भाग तुरुंगात भोगल्यावर उरलेला भाग देखरेखीखाली बाहेर भोगणे, आणि प्रोबेशन म्हणजे न्यायालयाने बहुधा तुरुंगात न पाठवता, अटी घालून माणसाला समाजातच ठेवणे. २०२२ च्या अखेरीस या दोन्ही प्रकारांनी देखरेखीखाली असलेल्या प्रौढांची संख्या अमेरिकेत सुमारे ३७ लाख होती. यांतील एखाद्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला जायचे असेल तर काय होते, हा वरवर पाहता कारकुनी वाटणारा प्रश्न येथे मांडायचा आहे. त्याचे उत्तर एका आंतरराज्य करारात आहे. त्याचे इंग्रजी नाव 'इंटरस्टेट कॉम्पॅक्ट फॉर अ‍ॅडल्ट ऑफेन्डर सुपरव्हिजन' असे भारदस्त आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे : जी व्यवस्था माणसाच्या दिलेल्या शब्दावर उभी राहिली, तिने या करारात त्या माणसाला बोलण्याच्या जागेवरून उठवले आहे. आता शब्द देतात ती दोन राज्ये, एकमेकांना. माणूस त्या दोघांमधला पाठवायचा माल झाला आहे. आणि ही गोष्ट कायदेपंडितांइतकीच आपल्यासारख्या, शब्दांवर पोट भरणाऱ्या लोकांच्या चिंतेची असायला हवी.

'साहित्याच्या पानावर हे प्रकरण कशाला?' असा प्रश्न येणार हे गृहीत धरूनच लिहितो आहे. गेल्या काही दशकांत आपल्या चर्चासत्रांतून 'सत्ता', 'शिस्त', 'देखरेख' हे शब्द इतके उधळले गेले आहेत की त्यांच्या नाण्यांचा आवाजही येईनासा झाला आहे. फूकोचे नाव घेतल्याशिवाय शोधनिबंध पुरा होत नाही. पण देखरेख म्हणजे प्रत्यक्षात कोणता अर्ज, किती दिवसांची मुदत, कोणाची सही, आणि सही नसेल तर कोणाचे काय होते, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. सिद्धान्ताला तपशिलाची शिसारी असू नये. या लेखात तपशील जास्त आहेत ते त्यासाठीच.

जामीनदार ते आयोग

प्रोबेशनचा उगम सांगताना जॉन ऑगस्टस या बॉस्टनच्या चर्मकाराचे नाव घेतात. जोडे शिवणाऱ्या या गृहस्थाने १८४१ मध्ये पोलीस कोर्टात दारूच्या व्यसनापायी उभ्या केलेल्या एका माणसाला स्वतः जामीन राहून सोडवले. त्या माणसाने दारू सोडण्याची शपथ घेतली, आणि काही आठवड्यांनी तो कोर्टात परत आला तेव्हा शुद्धीवर होता. पुढील सतरा-अठरा वर्षांत ऑगस्टसने असे सुमारे दोन हजार स्त्री-पुरुष सोडवले. या कृत्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. आरोपी शब्द देतो आणि दुसरा एक माणूस त्या शब्दासाठी स्वतःची पुंजी गहाण टाकतो. शब्द मोडला तर दोघेही बुडणार. देखरेख येथे आहे, पण ती जामीनदाराची आहे, पहारेकऱ्याची नव्हे.

मॅसॅच्युसेट्सने १८७८ मध्ये प्रोबेशनचा कायदा केला आणि जामीनदाराच्या जागी पगारी अधिकारी आला. ते अटळ होते. दोन-चार सज्जनांच्या खिशावर न्यायव्यवस्था चालत नाही. पुढे विसाव्या शतकात माणसे मोटारीने आणि आगगाडीने राज्यांच्या सीमा सहज ओलांडू लागली. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राज्यांना आपापसात करार करायचा तर काँग्रेसची संमती लागते. ती १९३४ च्या कायद्याने मिळाली, १९३७ मध्ये पहिला करार झाला, आणि १९५१ पर्यंत तेव्हाची सर्व ४८ राज्ये त्यात आली. नवा करार जून २००२ मध्ये, पस्तिसावे राज्य सामील होताच, अमलात आला. आज सर्व ५० राज्ये त्यात आहेत. त्याच्या आयोगाने केलेल्या नियमांना सदस्य राज्यांत कायद्याचे बळ आहे.

या आयोगावर प्रत्येक राज्याचा एक आयुक्त असतो. प्रत्येक राज्यात एक परिषद असते; तीत विधिमंडळ, न्यायसंस्था, कार्यकारी शाखा यांचे प्रतिनिधी असावेत आणि गुन्ह्याचे बळी ठरलेल्यांच्या गटांचाही प्रतिनिधी असावा, असे करारच सांगतो. शेवटची तरतूद योग्यच आहे. जिच्या घरातले माणूस मारले गेले तिला विचारायचे नाही, असे कोण म्हणेल? पण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या देखरेखीखालील माणसाच्या वतीने बोलणाऱ्या कोणासाठीही कराराने खुर्ची राखून ठेवलेली नाही. ऑगस्टसच्या कोर्टात तीन माणसे होती : न्यायाधीश, जामीनदार आणि आरोपी. येथे तिसरा गैरहजर आहे.

प्रेषक आणि प्राप्तकर्ता

कराराची परिभाषा पाहा. एक 'पाठवणारे राज्य', एक 'स्वीकारणारे राज्य'. मधल्याचे 'हस्तांतर' होते. काही बिनसले तर पाठवणारे राज्य त्याला 'परत घेते'. टपाल कचेरीत पार्सल नोंदवताना आपण हेच शब्द वापरतो. परिभाषा कोरडी असते, तिच्यातून फार अर्थ काढू नये, असे कोणी म्हणेल. ठीक आहे, परिभाषा बाजूला ठेवू आणि नियम पाहू.

समजा, एक माणूस ओहायोत शिक्षा झालेला आणि प्रोबेशनवर आहे. त्याची माणसे मिशिगनमध्ये आहेत. तेथे डोक्यावर छप्पर आहे, कामाची शक्यता आहे. त्याला हस्तांतर हक्काने मागता येत नाही. अर्ज करायचा की नाही हे पाठवणारे राज्य ठरवते. त्या राज्याने अर्ज केला आणि काही अटी पुऱ्या होत असल्या, तर मात्र स्वीकारणाऱ्या राज्याला नाही म्हणता येत नाही. देखरेखीचे ९० दिवसांहून अधिक उरलेले असावेत. वर्तन बव्हंशी अटींनुसार असावे. देखरेखीची योजना ग्राह्य असावी. आणि तो स्वतः त्या राज्याचा रहिवासी असावा, किंवा तेथे त्याचे रहिवासी कुटुंब असावे आणि ते त्याला सांभाळायला तयार असावे, शिवाय काम अथवा उदरनिर्वाहाचे साधन असावे. चौकशी करून उत्तर देण्यासाठी स्वीकारणाऱ्या राज्याला ४५ दिवस मिळतात. तोवर माणसाने जेथे आहे तेथेच थांबायचे.

आता 'कुटुंब' या शब्दाकडे पाहू. नियमाच्या व्याख्येत आईवडील, आजीआजोबा, काका-मामा, मावशी-आत्या, सज्ञान मुले, सज्ञान भावंडे, पती-पत्नी, कायदेशीर पालक आणि सावत्र आईवडील येतात. आणि त्यांचा त्या राज्यातला मुक्काम किमान १८० दिवसांचा असावा लागतो. ज्या बाईशी लग्न न करता दहा वर्षे संसार केला ती या यादीत नाही. चुलतभाऊ नाही, मावसबहीण नाही, भाचा नाही. तुरुंगात असताना दरमहा पत्र लिहिणारा मित्र तर नाहीच. आई पाच महिन्यांपूर्वी त्या राज्यात राहायला गेली असेल तर तिलाही अजून महिनाभर आईपण मिळायचे आहे. व्याख्येत न बसणाऱ्याला 'ऐच्छिक' हस्तांतराची वाट आहे, हे सांगायला हवे; पण ती स्वीकारणाऱ्या राज्याच्या मर्जीवर. ज्या समाजातील माणसांची घरे गरिबीने, स्थलांतराने आणि तुरुंगानेच विस्कटली, त्यांच्याकडून सरकारी वंशावळीत बसणारे घर मागायचे, यातला विरोधाभास कादंबरी शिकवणाऱ्यांच्या ध्यानात चटकन यावा. आणि ही घरे कोणाची? अमेरिकेत प्रोबेशनवर असलेल्या लोकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याच्या दुपटीहून अधिक आहे.

हस्तांतर मंजूर झाल्यावर त्या माणसाला दोन धनी मिळतात. देखरेख किती काळ चालायची हे पाठवणारे राज्य ठरवते. ती कशी चालायची हे स्वीकारणारे राज्य ठरवते आणि स्वतःच्या जादा अटीही घालू शकते. अर्जासाठी पहिले राज्य शुल्क घेऊ शकते, देखरेखीसाठी दुसरे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी म्हण आपल्याकडे आहे. येथे दोन्ही घरचा पाहुणा भाडे भरतो.

या सगळ्या व्यवहारात माणसाचा स्वतःचा शब्द कोठे लागतो? अर्जावर त्याची सही लागते. त्या सहीने तो मुख्यतः काय कबूल करतो? पुढेमागे त्याला परत नेण्याची वेळ आली तर प्रत्यार्पणाच्या रीतसर कार्यवाहीचा हक्क आपण आजच सोडतो आहोत, हे. आणि परत नेण्याची प्रक्रिया एकदा सुरू झाली की त्याला कोणत्याही राज्यात जामीन मिळू नये, असा नियम आहे. ऑगस्टसने जी परंपरा जामिनापासून सुरू केली ती जामिनाच्या मनाईपाशी येऊन पोचली. शब्द देऊन मोकळा होणारा माणूस आता शब्द देऊन आपला बचाव गमावतो. 'अभिवचन' या शब्दाची याहून मोठी थट्टा मला सुचत नाही.

एका दिवसाची गोष्ट

या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा न्यायनिर्णय अशाच राज्यसीमा ओलांडलेल्या माणसाच्या प्रकरणातून आला, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. जेराल्ड स्कार्पेली याला १९६५ च्या जुलैत विस्कॉन्सिनमध्ये सशस्त्र दरोड्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा झाली. ती स्थगित करून त्याला सात वर्षे प्रोबेशन देण्यात आले. त्याला इलिनॉयमध्ये राहण्याची परवानगी मिळाली आणि ५ ऑगस्टला शिकागोच्या कुक काउंटीने त्याला देखरेखीखाली घेतले. दुसऱ्याच दिवशी, ६ ऑगस्टला, इलिनॉयच्या पोलिसांनी त्याला एका घरफोडीत पकडले. १ सप्टेंबरला विस्कॉन्सिनने त्याचे प्रोबेशन रद्द केले आणि तीन दिवसांनी तो पंधरा वर्षांची शिक्षा भोगायला तुरुंगात गेला. मधल्या काळात त्याची कोणतीही सुनावणी झाली नाही. त्याने आधी गुन्हा कबूल केला होता. ती कबुली दडपणाखाली दिली, असे नंतर सांगितले. खरे काय ते तपासण्याची गरज कोणाला वाटली नाही.

हा माणूस साधू नव्हता, हे उघड आहे. मुद्दा तो नाहीच. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली' या खटल्यात ठरवले की प्रोबेशन रद्द करण्यापूर्वी प्राथमिक आणि अंतिम अशा दोन सुनावण्या व्हायला हव्यात. वर्षभर आधी, १९७२ मध्ये, 'मॉरिसी विरुद्ध ब्रूअर' या खटल्यात पॅरोलबाबत हेच ठरले होते. करारातील आजच्या नियमांत परत नेण्याआधी सुनावणीची जी तरतूद दिसते तिची मुळे येथे आहेत. म्हणजे, माणसाचे ऐकून घ्या, हे राज्यांना न्यायालयाने सांगावे लागले. तेही अर्धेच. वकील मिळण्याचा हक्क न्यायालयाने सरसकट मान्य केला नाही. प्रकरण पाहून ठरवावे असे म्हटले. दोन राज्यांच्या कागदपत्रांसमोर एकट्या माणसाने उभे राहायचे आणि आपल्याला वकील का हवा हे वकिलाविना पटवून द्यायचे.

आणि करार मोडला गेला तर? माणसाला करारावर बोट ठेवून दाद मागता येते का? संघीय अपील न्यायालयाने २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका प्रकरणात याचे उत्तर दिले. न्यू जर्सीत शिक्षा झालेला माणूस पेनसिल्व्हेनियात राहायला आला. तेथील राज्याने स्वतःच्या गुन्हेगारांना जी सुनावणी देऊ केली होती ती याला न देता, केवळ बाहेरून आला म्हणून, त्याची माहिती शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवण्याचे ठरवले. न्यायालयाने म्हटले की ही वागणूक राज्यघटनेतील समान संरक्षणाच्या विरुद्ध आहे; मात्र या करारातून व्यक्तीला दावा करण्याचा हक्क निर्माण होत नाही. निकाल त्या माणसाच्या बाजूने लागला, पण तो राज्यघटनेमुळे, कराराच्या जोरावर नव्हे. करार दोघांतला, आणि तो त्या दोघांतला नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप जुना आहे : सुटका हा अनुग्रह आहे, हक्क नव्हे, उपकाराचे दात मोजू नयेत. या युक्तिवादाला मॉरिसी खटल्यातच उत्तर मिळाले. हक्क की सवलत या शब्दच्छलाचा फारसा उपयोग नाही. सशर्त असले तरी ते स्वातंत्र्यच आहे, माणूस त्या भरवशावर काम धरतो, संसार मांडतो, आणि ते काढून घेतले की त्याचे भयंकर नुकसान होते, असा त्या निकालाचा आशय आहे. रद्द करताना मान्य केलेले हे सत्य स्थलांतराच्या अर्जावेळी विसरायचे, याला तर्क म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९९९ मध्ये डेन्व्हर शहरात एका तरुणीचा खून झाला. खुनी मेरीलँडमध्ये प्रोबेशनवर असलेला आणि तेथून कोलोरॅडोत उपचारकेंद्रात पाठवलेला होता. त्या मुलीच्या आईने नव्या करारासाठी राज्याराज्यांतून मोहीम चालवली. पुढे, नवा करार अमलात आल्यानंतर, नोव्हेंबर २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील लेकवूडचे चार पोलीस अधिकारी मारले गेले. मारणाऱ्याची शिक्षा आर्कान्सॉचे तत्कालीन गव्हर्नर माइक हकबी यांनी २००० मध्ये कमी केली होती आणि २००४ मध्ये तो याच करारान्वये वॉशिंग्टनला आला होता. या मृतांच्या घरच्यांसमोर उभे राहून कोणी 'देखरेख नको' म्हणू शकणार नाही. मीही म्हणत नाही.

पण लेकवूडनंतर दोन राज्यांत भांडण कशावरून झाले ते पाहा. वॉरंट कोणी काढायचे, कोणी मागे घेतले, कोणी कोणाला काय कळवले, यावरून. नियंत्रणाची हत्यारे कमी पडली असे दिसत नाही. जे दोघे एकमेकांना शब्द देतात त्यांनीच एकमेकांचा शब्द नीट ऐकला नाही. अशा प्रत्येक अपयशानंतर उत्तर मात्र एकच येते : माणसाभोवतीचा फास आणखी आवळा. एक अट वाढवा, एक शुल्क वाढवा, एक सही वाढवा. अधिकाऱ्यांच्या संवादातील दोषाची शिक्षा अर्जदाराच्या आईला, जिला मुलगा घरी यायला हवा आहे, का व्हावी? आणि ज्याला घर, काम आणि माणसे मिळाली तो पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता कमी, हे गृहीतक तर प्रोबेशनच्या कल्पनेच्या मुळाशीच आहे. घराची वाट अवघड करून समाज सुरक्षित होतो, असे मानणाऱ्यांनी ऑगस्टसचे नाव घेऊ नये.

गाणारा माणूस आणि नदीपार

ज्याचा शब्द हाच व्यवसाय आहे त्याचे काय होते, याचे उदाहरण फिलाडेल्फियाच्या मीक मिल या रॅप गायकाने घालून दिले. तो या करारान्वये दुसऱ्या राज्यात पाठवलेला नव्हता. पण राज्याची सीमा त्याच्याही पायात होती. विशीच्या उंबरठ्यावरील शस्त्र आणि अमली पदार्थांच्या प्रकरणातून सुरू झालेले त्याचे प्रोबेशन वर्षानुवर्षे लांबत गेले. त्याचा धंदा गावोगाव गाण्याचा, आणि प्रवासाला न्यायालयाची परवानगी लागे; परवानगीशिवाय केलेल्या प्रवासाचा ठपका त्याच्यावर आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला दोन ते चार वर्षांचा तुरुंगवास सुनावला गेला. कारणांत अमली पदार्थांच्या चाचणीतील अपयश होते. त्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये मोटारसायकल एका चाकावर चालवणे आणि सेंट लुइसच्या विमानतळावरील झटापट हेही होते. या दोन्ही गोष्टी पेनसिल्व्हेनियाच्या बाहेर घडलेल्या, आणि त्या त्या ठिकाणची प्रकरणे पुढे टिकली नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये तो सुटला, २०१९ मध्ये मूळ दोषसिद्धी रद्द झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने प्रोबेशनविषयक सुधारणांचा कायदा केला. प्रसिद्ध माणसाच्या वाट्याला निदान आरडाओरडा आला. ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही तो फिलाडेल्फियातून डेलावेअर नदीचा पूल ओलांडून न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला बहिणीकडे राहायला जायचे म्हणतो, तेव्हा तो नदी नव्हे, सार्वभौमत्व ओलांडत असतो.

मराठीत 'तडीपार' हा शब्द आहे. मूळ अर्थ, नदीच्या पलीकडच्या काठाला लावलेला. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालील हद्दपारीला लोक आजही तडीपारीच म्हणतात. अमेरिकेत याचा चुलतभाऊ आहे. जॉर्जियाच्या राज्यघटनेत राज्याबाहेर हद्दपार करायला मनाई आहे. म्हणून तेथील न्यायाधीशांनी १५९ पैकी १५८ काउंट्यांतून माणसाला हद्दपार करण्याची युक्ती काढली आणि २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती चालवून घेतली. उरलेली एक काउंटी कोपऱ्यातली आणि विरळ वस्तीची. एका हाताने माणसाला नदीपार घालवायचे आणि तो स्वतःहून नदीपार घरी जाऊ म्हणाला तर दुसऱ्या हाताने ४५ दिवसांची चौकशी लावायची : या दोन्ही हातांच्या मागे एकच डोके आहे. माणूस कोठे असावा हे त्याने ठरवायचे नाही.

या डोक्याचा इतिहास अमेरिकेच्या राज्यघटनेतच वाचता येतो. तिच्या चौथ्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या विभागात दोन कलमे शेजारी शेजारी आहेत. एक, दुसऱ्या राज्यात पळालेल्या आरोपीला परत देण्याविषयी. दुसरे, दुसऱ्या राज्यात पळालेल्या, सेवेला बांधलेल्या 'व्यक्ती'ला परत देण्याविषयी. 'गुलाम' हा शब्द तेथे शिताफीने टाळला आहे. दुसरे कलम १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने निकामी झाले; पण त्या दुरुस्तीनेही गुन्ह्याची शिक्षा म्हणून लादलेल्या सक्तीच्या श्रमाचा अपवाद ठेवला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. ती अर्पणपत्रिका आपल्या वाङ्मयेतिहासाचे भूषण आहे, आणि फुल्यांच्या वाचकानेच अमेरिकेला त्या अपवादाविषयी विचारले पाहिजे. पॅरोलवरचा माणूस गुलाम आहे असे मी म्हणत नाही. त्याने कोणाचे तरी नुकसान केलेले असते, गुलामाने काहीच केलेले नसते. पण एका राज्याने दुसऱ्या राज्याकडे आपला माणूस परत मागावा आणि त्या मागणीत त्या माणसाला तोंड नसावे, ही रचना त्या घटनेला नवखी नाही.

अलीकडे आयोगाच्या नियमांतून 'ऑफेन्डर' हा शब्द काढून 'देखरेखीखालील व्यक्ती' असा शब्दप्रयोग आला आहे. कराराच्या नावात 'ऑफेन्डर' कायम आहे. संज्ञा बदलली याचे स्वागत करावे की नाही? अवश्य करावे. पण संज्ञा बदलून क्रियापदे तीच राहिली तर वाक्याचा अर्थ बदलत नाही, हे आपण व्याकरणाच्या पहिल्या वर्षी शिकवतो. 'पाठवणे', 'स्वीकारणे', 'परत घेणे' या तिन्ही क्रियापदांचे कर्म तोच आहे. त्याला कर्ता करायचा असेल तर काय करावे लागेल, तेही स्पष्ट सांगता येते. हस्तांतराचा अर्ज त्याला स्वतःला करता यावा. नकाराची कारणे लेखी मिळावीत आणि त्यावर त्रयस्थापुढे दाद मागता यावी. 'कुटुंब' कोण, हे सांगण्यात त्याचाही शब्द धरला जावा. सुनावणीत वकील असावा. जामिनाची सरसकट मनाई जावी. धोका असेल तेथे न्यायाधीशाने तो पाहून जामीन नाकारावा. आणि राज्य परिषदेत बळी ठरलेल्यांच्या शेजारी एक खुर्ची देखरेखीत राहून आलेल्या माणसासाठी असावी. यातल्या एकाही गोष्टीने देखरेख संपत नाही.

आपल्याकडे 'प्रोबेशन'ला 'परिवीक्षा' हा शब्द रूढ आहे, आणि तो नव्याने नेमलेल्या प्राध्यापकालाही लागतो. सभोवार पाहणे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात पाहणारा आहे, बोलणारा नाही. 'अभिवचन' या शब्दात मात्र बोलणारा माणूस आहे. या विषयावर मराठीत जे काही यापुढे लिहिले जाईल, भाषांतरित होईल, वर्गात शिकवले जाईल, त्यात पहिल्या शब्दाऐवजी दुसऱ्याच्या बाजूने उभे राहणे, हे काम निदान आपल्या हातचे आहे.